लिव्हर सोडलेली असताना तेल कुठं जातं?

ट्रॅक्टरच्या पुढे जोडायचा लोडर (माती उचलायची बकेट आणि तिला वर-खाली करणारे हात, म्हणजे बूम) ३ नोव्हेंबरला आला. वापरलेला, पण सांगाडा मजबूत. बूमला दोन सिलिंडर, बकेटला दोन, आणि चौकटीवरून लोंबणारे चार पाइप. पाइपांच्या तोंडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. ज्या व्हॉल्व्हला, म्हणजे लिव्हरने तेल हव्या त्या सिलिंडरकडे वळवणाऱ्या भागाला, ते जोडलेले असायचे, तो आधीच्या मालकाने काढून ठेवला होता. "कुठलाही दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह बसतो," असं तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. तिथून बकेट नीट चालायला लागेपर्यंत ११ आठवडे गेले. एक प्रश्न वेळेवर विचारला असता तर त्यातले निम्मे वाचले असते. ज्यांच्या दारात असाच व्हॉल्व्हविना लोडर, डोझरचं पातं किंवा दुसरं एखादं अवजार येऊन पडलंय, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवते.

ट्रॅक्टरची वॉरंटी चालू होती, म्हणून पहिलं काम कागदाचं. ५ नोव्हेंबरला विक्रेत्याला लेखी विचारलं की पुढच्या लोडरसाठी तेल कुठून घेतलेलं चालेल. फोनवर दोघांनी "लावा बिनधास्त" सांगितलं होतं, पण उद्या पंप गेला तर हे "बिनधास्त" कुणी कागदावर मान्य करणार नाही. उत्तर यायला ११ दिवस लागले. सोबत एक पानी फॉर्म: चासिस नंबर, इंजिनाचे तास, अवजाराचं वजन, तेल घ्यायच्या जागेचा फोटो. अटी तीन. तेल फक्त लिफ्टच्या (मागची अवजारं उचलणाऱ्या भागाच्या) अलीकडे कंपनीने ठेवलेल्या तोंडातून घ्यायचं, ट्रॅक्टरच्या स्वतःच्या रिलीफ व्हॉल्व्हला (दाब मर्यादेपुढे गेला की तेल टाकीत सोडणाऱ्या) हात लावायचा नाही, आणि काम झाल्यावर सर्व्हिस बुकात नोंद करून घ्यायची. मंजुरीची प्रत मी सर्व्हिस बुकातच चिकटवून ठेवली.

हे ११ दिवस वाया घालवले नाहीत, हे एक बरं केलं. व्हॉल्व्ह निवडायला दोन आकडे लागतात: पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो आणि दाब किती बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) चढतो. दाब मोजणं सोपं. २५० बारचा ग्लिसरीनचा गेज मागच्या कपलरला (पाइप जोडायच्या तोंडाला) लावला, इंजिन कामाच्या वेगावर ठेवलं आणि अण्णांनी (माझे चुलते, ट्रॅक्टर तेच चालवतात) लिव्हर दोन-तीन सेकंद धरली. काटा १७५ वर थांबला. यापेक्षा जास्त वेळ धरायची नाही, तेल भराभर तापतं.

लिटर मोजायला वेगळं मीटर नव्हतं, म्हणून लोडरचाच एक सिलिंडर वापरला. आतला व्यास ६३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंटिमीटर. स्ट्रोक ५०० मिलिमीटर. पूर्ण बाहेर यायला त्याला १.५६ लिटर तेल लागतं. सिलिंडर लाकडी ठोकळ्यांवर आडवा बांधला, पुढे कुणी उभं राहणार नाही याची काळजी घेतली, आधी हवा काढली आणि मग घड्याळ लावलं. पाच वेळा मोजलं, २.७ ते २.९ सेकंद. सरासरी २.८ धरली तर मिनिटाला ३३ लिटर. पुस्तिकेत पंप १६ सीसीचा आहे, २२०० फेऱ्यांना हिशेबाने ३५ लिटर येतात. थोडी गळती वजा जाता आकडा जुळला. जुन्या ट्रॅक्टरवर हे जरूर करा, कारण झिजलेला पंप पुस्तिकेतला आकडा देत नाही.

आकडे हातात आल्यावर मला वाटलं, झालं काम. ४० लिटरचा, २०० बार सोसणारा, दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह. १७ नोव्हेंबरला ऑर्डर दिली, २३ ला आला. सगळ्यात स्वस्त होता तो घेतला, हेही सांगायला हवं.

२६ ला मिस्त्री आले. पंपाकडून येणारी नळी व्हॉल्व्हच्या पी तोंडाला, ए आणि बी ही कामाची तोंडं सिलिंडरना, आणि टी तोंडातून निघणारी नळी पुढे लिफ्टला, म्हणजे जिथून तेल अडवलं तिथेच परत. बूम उठली. बकेट वळली. आम्ही तिघंही खूश झालो. मग अण्णांनी मागे जड नांगर लावून लिफ्ट उचलली आणि मला लिव्हरच्या मुळाशी ओलं दिसलं. जिथे स्पूलची, म्हणजे लिव्हरने आत-बाहेर सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या भागाची, चकचकीत दांडी व्हॉल्व्हच्या अंगातून बाहेर येते, तिथल्या रबरी सीलभोवती तेलाचं कडं धरलं होतं. नांगर वर जाताना कडं फुगायचं, थेंब होऊन ओघळायचं. लिफ्ट खाली ठेवली की थांबायचं. पुन्हा उचलली, पुन्हा ओघळ.

अण्णांनी कुठून येतंय ते पाहायला बोट पुढे केलं आणि मी ओरडले. या दाबाला बारीक फटीतून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत तेल पसरलेलं असतं आणि तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याने. आणि असं काही झालंच तर लगेच दवाखान्यात जाऊन "दाबाखालचं तेल शिरलंय" हे स्पष्ट शब्दांत सांगायचं.

व्हॉल्व्ह खराब निघाला अशी माझी खात्री होती. २८ ला फोटोंसह तक्रार पाठवली. ४ डिसेंबरला उत्तर आलं: जोडलेला, तेल लागलेला माल परत घेतला जात नाही, आणि दोष व्हॉल्व्हचा नाही. सोबत माझ्याच ऑर्डरच्या पावतीची प्रत, एका ओळीवर खूण केलेली: "ओपन सेंटर, पॉवर बियाँडविना." ती ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ विचारला नव्हता. पैसे गेले त्यापेक्षा आपण न समजता सही केली याचं जास्त लागलं.

दुसऱ्या एका पुरवठादाराकडे हायड्रोलिकचं काम पाहणारे तंत्रज्ञ फोनवर भेटले. मी लिटर, बार, लिव्हरची संख्या असं सगळं धडाधड सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, लिव्हर किती ते नंतर बघू. तुम्ही कुठलीच लिव्हर धरलेली नसते तेव्हा तेल कुठं जातं, ते आधी सांगा."

मला उत्तर देता येईना. त्यांनी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतली हायड्रोलिकची आकृती समोर घ्यायला लावली आणि पंपापासून टाकीपर्यंत बोट फिरवायला सांगितलं. त्या पाऊण तासात मला जे कळलं ते असं.

आमचा पंप गिअरचा आहे. इंजिन चालू असेपर्यंत तो तेल ढकलतच राहतो. सगळ्या लिव्हर मधोमध असताना ते तेल व्हॉल्व्हच्या मधल्या वाटेने, फारसा दाब न घेता, पुढे निघून जातं. ही व्यवस्था म्हणजे ओपन सेंटर. लिव्हर ओढली की मधली वाट बंद होते, तेलाला सिलिंडरशिवाय दुसरी वाट उरत नाही, आणि दाब चढतो. क्लोज्ड सेंटरच्या व्हॉल्व्हमध्ये मधली वाट नसतेच. तो मागणीप्रमाणे तेल कमी-जास्त करणाऱ्या पंपासाठी असतो. तसा व्हॉल्व्ह आमच्या ट्रॅक्टरला लावला तर लिव्हर न ओढताही सगळं तेल रिलीफमधूनच जाणार. मिनिटाला ३३ लिटर आणि १७० बार हे गुणून ६०० ने भागलं की साधारण ९.४ किलोवॅट येतात. पाणी तापवायचे चार-पाच मोठे हीटर तेलात सोडल्यासारखं ते होईल. तेल ८० अंशांच्या पुढे गेलं की सील आणि तेल दोन्हींचं आयुष्य झपाट्याने घटतं. याच काळात मला एक क्लोज्ड सेंटरचा व्हॉल्व्ह फार कमी किमतीत, लगेच मिळत होता. नाही म्हटलं.

मग आमच्या पहिल्या व्हॉल्व्हचं काय चुकलं? टी हे टाकीचं तोंड. त्याच्या आतला भाग आणि स्पूलच्या टोकाचे सील टाकीकडे सुटं वाहणाऱ्या तेलाच्या नाममात्र दाबासाठी बनवलेले असतात. आम्ही त्या तोंडापुढे लिफ्ट जोडली. नांगर उचलताना लिफ्टला लागणारा सगळा दाब मागे त्याच भागात उभा राहिला आणि सीलमधून तेल डोकावलं. आणखी ताणलं असतं तर ओतीव अंगाला तडा जायचीही भीती होती. पुढे दुसरं काही चालवायचं असेल तर व्हॉल्व्हला पॉवर बियाँडचं वेगळं तोंड हवं. मधल्या वाटेचं तेल त्यातून दाबासह पुढे जातं, आणि सिलिंडरमधून परतणारं तेल टी मधून स्वतंत्र नळीने थेट टाकीत. म्हणजे दोन नळ्यांच्या जागी तीन. काही व्हॉल्व्हना हे तोंड नंतर एक बूच बदलून करता येतं. आमच्या पहिल्याला ती सोय नव्हती.

आकृतीत दुसरी गोष्ट सापडली, ती मला जास्त गंभीर वाटली. ट्रॅक्टरचा मूळ रिलीफ लिफ्टच्या ब्लॉकमध्ये होता, म्हणजे नव्या व्हॉल्व्हच्या पलीकडे. बूमची लिव्हर ओढली की मधली वाट बंद, तेल पलीकडे पोचतच नाही, मग तो रिलीफ उघडणार कसा? सिलिंडर टोकाला भिडल्यावर पंपाला वाचवणारं कुणीच नसतं. म्हणून नव्या व्हॉल्व्हच्या पी तोंडापाशी स्वतःचा रिलीफ असायलाच हवा. पहिल्या व्हॉल्व्हला तो होता, ते नशीब. पण मी तो मागितला नव्हता.

९ डिसेंबरला दुसरी ऑर्डर. या वेळी फॉर्म दोन पानी होता आणि प्रत्येक रकान्यासाठी मी फोन केला, लाज बाळगली नाही.

बूमच्या स्पूलला फ्लोट मागितला. लिव्हर "खाली"च्याही पुढे ढकलली की खटकन अडकते, त्या चौथ्या जागेत सिलिंडरची दोन्ही तोंडं टाकीशी जोडली जातात आणि बकेट स्वतःच्या वजनाने जमिनीच्या उंचसखल भागावरून फिरते. फ्लोट नसेल तर माती सारखी करताना एक तर बकेट जमिनीत घुसते, नाही तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. तो बूमलाच हवा, बकेटला नाही, हे फॉर्मवर शब्दांत लिहा. आणि उचललेल्या ओझ्यासकट लिव्हर फ्लोटला गेली तर ओझं सरळ खाली येतं. चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी दाखवा.

तिसरा स्पूल घ्यायचा ठरला, कारण पुढे खड्डे घ्यायचं ऑगर जोडायचा विचार आहे. तंत्रज्ञांनी लगेच विचारलं, "तिसऱ्यावर सिलिंडर की मोटर?" फरक पुन्हा त्याच प्रश्नाचा: लिव्हर सोडल्यावर काय होतं? सिलिंडरच्या स्पूलमध्ये ए आणि बी मध्यावर बंद होतात, म्हणून ओझं जागेवर राहतं. ऑगरची मोटर मात्र फिरत्या वेगात असते. तिची दोन्ही तोंडं एकदम बंद झाली तर आतलं तेल कोंडतं, दाबाचा जबर धक्का बसतो, मोटरचे सील आणि पाइप यांच्यावर तो येतो. मोटरच्या स्पूलमध्ये मध्यावर ए आणि बी दोन्ही टाकीकडे मोकळे असतात, मोटर हळूहळू थांबते. तिसरा स्पूल मोटरचा घेतला. तीन स्पूल घ्यायचे म्हटल्यावर एकसंध ओतीव व्हॉल्व्हऐवजी सेक्शन जोडून केलेला घेतला. उद्या एक सेक्शन बिघडला तर तेवढाच बदलता येईल.

बूमच्या पाइपात लॉक व्हॉल्व्ह घालावा असं मिस्त्रींचं मत होतं, म्हणजे उचललेली बकेट सावकाश खाली सरकणार नाही. स्पूल आणि त्याचं भोक यांत मायक्रॉनांची फट असतेच, त्यामुळे नवा व्हॉल्व्हसुद्धा थोडं तेल सोडतो. सूचना चांगली होती. पण लॉक व्हॉल्व्ह उघडायला दुसऱ्या बाजूच्या तेलाचा दाब लागतो, आणि फ्लोटमध्ये दोन्ही बाजूंना दाबच नसतो. लॉक बंदच राहिला असता आणि फ्लोट चालला नसता. मी फ्लोट ठेवला. ट्रॅक्टर उभा करताना बकेट जमिनीवर टेकवायची आणि उचललेल्या बूमखाली काम असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणी जायचं नाही, हे घरात ठरवून टाकलं. ज्यांना फ्लोट नको आणि ओझं बराच वेळ धरून ठेवायचंय, त्यांनी लॉक जरूर घालावा.

दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट किमतीचा. आणि पाइप, निपल (जोडणीचे आट्यांचे तुकडे), कपलर, ब्रॅकेट यांचा खर्च या व्हॉल्व्हपेक्षाही थोडा जास्त झाला. सुरुवातीलाच पैशांचा अंदाज करताना व्हॉल्व्हच्या बरोबरीची रक्कम जोडणीसाठी बाजूला ठेवा. जुन्या पाइपांपैकी दोन एका तारजाळीचे निघाले. अर्धा इंची एका जाळीचा पाइप १६० बारचा असतो, दोन जाळ्यांचा २७५ बारचा. मला १६५ वर चालवायचं होतं, म्हणून दाबाचे सगळे पाइप दोन जाळ्यांचे केले. टाकीकडे जाणारी नळी मात्र पाऊण इंची घेतली. परतीची वाट अरुंद झाली की टी तोंडावर पुन्हा दाब उभा राहतो, आणि तो धडा मी शिकून बसले होते.

२४ दिवसांनी, २ जानेवारीला व्हॉल्व्ह आला. ५ तारखेला जोडायला घेतला आणि आट्यांवर अडलो. मिस्त्रींकडचे अर्धा इंची निपल तोंडात छान बसत होते. तीन फेरे हाताने गेले, चौथ्याला पाना लागला, मग जागच्या जागी घट्ट. "टेप गुंडाळतो, बसेल," असं म्हणत त्यांनी टेफ्लॉन टेप काढली. मला त्या तीन फेऱ्यांचा संशय आला. व्हॉल्व्हचं तोंड बीएसपी सरळ आट्यांचं होतं आणि निपल एनपीटी, म्हणजे निमुळत्या आट्यांचा. अर्धा इंचाला दोघांचेही इंचाला १४ आटे, त्यामुळे ते एकमेकांत शिरतात. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. बळ लावलं तर तोंडाचे आटे कापले जातात आणि पूर्ण दाबाला निपल उडू शकतो. ओळखायची सोपी खूण अशी: तोंडाभोवती गुळगुळीत, सपाट, यंत्रावर घासलेली कडा असेल तर तिथे रबराची कड असलेलं वॉशर बसतं, आटे सरळ असतात आणि टेप लागतच नाही. टेपचा बारीक तुकडा स्पूलपर्यंत गेला तर स्पूल अडकतो, म्हणून मी ती या कामातून बादच केली. योग्य निपल यायला आठ दिवस. अण्णा वैतागले, "एका निपलसाठी?" म्हणाले. मी तोपर्यंत व्हॉल्व्हची तोंडं झाकून ठेवली.

१४ जानेवारीला जोडणी पूर्ण झाली. इंजिन मंद वेगावर ठेवून प्रत्येक सिलिंडर दोन्ही टोकांपर्यंत पाच-सहा वेळा चालवला. सुरुवातीला बूम हिसके देत होती, पंप घरघरत होता. हवा निघत गेली तसा आवाज शांत झाला. तेल मोजलं तर बरंच उतरलं होतं. दोन बूमचे सिलिंडर ३.१ लिटर, बकेटचे दीड लिटर, शिवाय नवे पाइप. ते भरायचं, पण तेलाची पातळी दाखवणारी कांडी पाहताना बकेट खाली आणि सिलिंडर मिटलेले असू द्यावेत. बूम वर असताना भरलं तर खाली आणल्यावर टाकी जास्त भरते.

मग रिलीफ. स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात केली, गेज लावला, बकेट पूर्ण वळवून टोकाला धरली आणि पाव-पाव फेरा आवळत १६५ वर आणलं. एका बूमच्या सिलिंडरमागे साधारण ५ टन जोर मिळतो, तो आम्हाला भरपूर आहे. काटा १६५ वर स्थिर झाला तेव्हा मिस्त्रींनी मागे नांगर उचलून पाहायला सांगितलं. लिफ्ट गेली वर. मी गुडघ्यांवर बसून लिव्हरच्या मुळाशी कोरडा कागद धरला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. कोरडाच राहिला.

१९ तारखेला दिवसभर माती भरली. बूम आणि बकेटच्या लिव्हर एकदम ओढल्या की तेल आधी हलक्या बाजूला जातं, म्हणजे बकेट वळते आणि बूम थांबते. अण्णांचा हात त्याला दुपारपर्यंत सरावला. संध्याकाळी पाइप हाताला गरम लागत होते, पण धरवत होते. २४ ला विक्रेत्याच्या माणसाने पाहणी केली, गेजचा फोटो घेतला आणि सर्व्हिस बुकात नोंद करून शिक्का मारला. पहिल्या २५ तासांनी फिल्टर बदलला, कारण नव्या जोडणीत कितीही पुसलं तरी लोखंडाची बारीक कणी राहते. जुन्या फिल्टरमध्ये ती दिसलीही.

ऑगर अजून आलेला नाही. तिसऱ्या स्पूलच्या दोन्ही तोंडांना लोखंडी बुचं लावलीत, कारण व्हॉल्व्हसोबत आलेली प्लॅस्टिकची टोपणं फक्त धुळीसाठी असतात, दाबाला टिकत नाहीत. कुणी चुकून ओढू नये म्हणून ती लिव्हर सध्या तारेने बांधून ठेवली आहे.